आक्काचं वाक्य

घरी आले तर आक्का जिन्यात. आमच्या दारासमोरच्या पायरीवर, शाल अंगाभोवती घट्ट घेऊन, पिशवी मांडीवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी बसलेली. दाराला कुलूप. मला बघून म्हणाली, "किल्ली हरवली गं. दूध आणायला गेले, आणि आता पिशवीत बघते तर दूध आहे, किल्ली नाही." मी आधी हसले. खरंच हसले, खोटं कशाला सांगू! कारण तासाभरापूर्वी, तिकडे वर्गात, माझ्या डझनभर मोठ्या विद्यार्थ्यांनी एका सुरात, भिंती हलतील अशा आवाजात म्हटलं होतं, "माय सिस्टर लॉस्ट द की." माझ्या बहिणीनं किल्ली हरवली. आणि इथं माझी बहीण, खरीखुरी, किल्ली हरवून बसलेली. मी तिला तसं सांगितलं, तीही हसली. म्हणाली, "बघ, मी किती आज्ञाधारक आहे तुझी." मग माझ्या किल्लीनं मी दार उघडलं, आम्ही आत गेलो, तिनं दूध तापत ठेवलं, आणि मी हात धुताना नळ चालू ठेवून नुसतीच उभी राहिले. पाणी गार होतं. ते मनगटापर्यंत चढल्यासारखं वाटलं आणि तिथून पुढे कुठं गेलं ते कळलं नाही. तिला मी विचारलं, "किती वाजता गं हरवली?" ती म्हणाली, "आता हरवताना मी घड्याळ बघू होय?"

माझं काम म्हणजे इंग्रजी शिकवणं. मुलांना नाही, मुलांना शिकवायला सतराशे साठ शाळा आहेत. मी शिकवते ते दिवसभर राबून आलेल्यांना. एका मोठ्या लाँड्रीच्या वरची खोली भाड्यानं घेतली आहे. खाली इस्त्र्या आणि वाफेची यंत्रं, त्यामुळे वर फरशी कायम कोमट. थंडीत लोक चपला काढून बसतात, उन्हाळ्यात मला शिव्या घालतात. एक टॅक्सीवाला आहे, त्याला गप्प बसणं माहीत नाही. दोघे साडू आहेत, बेकरी चालवतात, एकमेकांची उत्तरं बघून लिहितात आणि दोघांचीही चुकतात. एक शिंपीण आहे, एक लिफ्टमन आहे. आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावशी आहेत. वयानं माझ्याएवढ्या, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. यांना मी साधा भूतकाळ शिकवते. इतर काळही शिकवते, पण लोकांना हवा असतो तो हाच. माणसाला कामावरून घरी गेल्यावर काय सांगायचं असतं? काय झालं, कोण आलं, कोण काय बोललं. त्याला हा काळ पुरतो. क्रियापदाला शेपूट लावायचं की झालं. वॉक्ट, ओपन्ड, वेटेड. शेपूट एकच, पण कुठं ट ऐकू येतो, कुठं ड, कुठं इड. मग येतात ती आडमुठी क्रियापदं, ज्यांना शेपूट लावून चालत नाही, जी सगळं रूपच पालटतात. गो-वेंट. त्यांना नियम नाही. ती पाठच करायची.

आणि पाठ करायची माझी एक रीत आहे. मी वाक्य सांगते किंवा कुणीतरी करतं. बरोबर असलं की ते फळ्यावर जातं, आणि फळ्यावर गेलेलं वाक्य सगळ्यांनी मिळून तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा अडखळत, दुसऱ्यांदा सरळ, तिसऱ्यांदा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हटलं की ते पक्कं बसतं, असं मी पहिल्या दिवशीच सांगते. आता उदाहरणाला वाक्यं कुठून आणायची? पुस्तकातली वाक्यं म्हणजे नुसता कोंडा. राजानं वाघ मारला. कुठला राजा, कसला वाघ! म्हणून मी फार वर्षांपूर्वी आक्काला वाक्यांत घातलं. माझ्या बहिणीनं दूध जाळलं. माझ्या बहिणीनं साखर लपवली आणि मग तिलाच सापडली नाही. माझी बहीण दुकानदाराशी भांडली आणि जिंकली. सगळं मनचं. आक्का दूध जाळणाऱ्यांतली नव्हतीच कधी. पण वर्गाला ती अशी आवडली की विचारू नका. येताना जिन्यातूनच ओरडायचे, "बाई, आज आक्कांनी काय केलं?" मी घरी येऊन तिला सांगायची, "आज तू दुकानदाराला छत्री मारलीस." ती म्हणायची, "लागलं नाही ना त्याला फार?" असा आमचा खेळ, वर्षानुवर्षं चालला, आणि त्याचं कुणाला काही झालं नाही.

मला इंग्रजी आक्कानंच शिकवलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, कानाला यंत्र लावून दिवसभर इकडची वायर तिकडे जोडायची. शाळेत शिकली नव्हती तेवढं इंग्रजी तिथं ऐकून शिकली. आई लवकर गेली. मी लहान, आक्का नोकरीला. तिची पाळी संपायच्या वेळेला मी दोन्ही बूट घालून जिन्यात जाऊन बसायची. बूट कशाला, तर ती आली नाही तर मला तिला आणायला जावं लागेल म्हणून. ती कोपऱ्यावरूनच ओरडायची, "ढब्बे, बूट काढ!" मी गुबगुबीत होते म्हणून ढब्बी. मग रात्रीचं जेवण व्हायच्या आत ती माझी वेणी घालायची. तीन पेड. आणि एकेक पेड ओढताना एकेक रूप म्हणायचं: गो, वेंट, गॉन. पुढचा वळसा: सी, सॉ, सीन. चुकलं की केस थोडा जास्त ओढला जायचा. वेणी शेंड्यापर्यंत पोचली की पाठ झालं. अजूनही एखादं क्रियापद अडलं तर माझ्या टाळूला ते आधी आठवतं आणि मग तोंडाला. आणि तिची स्वतःची वेणी! लांब, जाड, पिकली तरी जाडच. झोपताना आक्का ती उशीवरून पलीकडे टाकायची, आणि मी लहानपणी तिचं टोक मुठीत धरून झोपायची, म्हणजे ती उठून गेली तर मला कळेल.

किल्लीचं मी विसरून गेले असते. योगायोग म्हणतात तो हाच, असं मी स्वतःला दोन-तीनदा बजावलं आणि नवी किल्ली करून आणली. पुढच्या आठवड्यात मी न बदलणारी क्रियापदं घेतली. पुट, हिट, शट, कट. आज कापतो तरी कट, काल कापलं तरी कट. लिफ्टमनला हे फार आवडलं, म्हणाला, बाई सगळीच अशी सरळ का नाहीत? उदाहरण हवं होतं. शिंपीण कात्री हातात असल्यासारखी बोटं उघडझाप करत होती, ते बघून माझ्या तोंडून गेलं, "माय सिस्टर कट हर हेअर." मला ते म्हणताना हसू येत होतं, कारण आक्का आणि केस कापणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. वर्ग म्हणाला. एकदा, दोनदा, तीनदा. टॅक्सीवाल्यानं बाकावर ताल धरला होता.

घरी आले. या वेळी दार उघडंच होतं. आक्का स्वयंपाकघरात पाठमोरी. आणि तिची मान दिसली. मी जन्मात तिची मान पाहिली नव्हती. पांढरी, बारीक, वर दोन सुरकुत्या, जणू कुणा दुसऱ्याच बाईची मान आमच्या घरात येऊन भांडी विसळत होती. टेबलावर वर्तमानपत्रात वेणी, नीट गुंडाळून, दोन्ही टोकांना दोरा बांधून. "हे काय गं आक्का?" ती वळली. "काय की! मघाशी बसल्या बसल्या मनात आलं. डोक्याला जड झाली होती." आणि मग जरा विचारात पडून, "मीच कापली ना?" असं तिनं मला विचारलं. मी तिच्या अंगावर ओरडले. काहीबाही बोलले. घाबरले की मी ओरडते, हा माझा स्वभावच. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "वाढतील गं. केसच आहेत." वेणी उचलून मी कपाटात ठेवली, कपड्यांच्या खाली, अगदी तळाला, आणि त्या कपाटाशी जायला मला त्यानंतर नको वाटू लागलं.

शेजारीण म्हणाली, डॉक्टरला दाखवा. किल्लीचं तिनं पाहिलं होतं, शिवाय म्हणे आक्का परवा तिच्या दारात उभी राहून आपलंच घर म्हणून कुलपाशी झटत होती. मला राग आला. पण नेलं. डॉक्टर तरुण होता, गोड बोलणारा. त्यानं आक्काला विचारलं, "आजी, काल काय काय केलंत?" मी तिच्या शेजारी बसले होते आणि मनात म्हटलं, हा तर माझाच प्रश्न. माझ्या वर्गात नव्या माणसाला मी पहिला हाच विचारते. काल काय केलंत, सांगा. आक्कानं माझ्याकडे पाहिलं, वर्गातला कच्चा विद्यार्थी बाजूच्याकडे बघतो तसं. मी ओठ हलवले. भाजी निवडली, असे. "भाजी निवडली," ती म्हणाली. डॉक्टरनं मला बाहेर बसायला सांगितलं. नंतर त्यानं आजाराचं नाव सांगितलं, हळूहळू वाढेल म्हणाला, बरं व्हायचं नाही म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या. मी मान डोलावत राहिले. मनात म्हणत होते, बाळा, तुला काय माहीत! तुझ्या पुस्तकात वर्गाचं कुठं आहे? तीनदा म्हणायचं कुठं आहे? मी शिकलेली बाई आहे. असलं काही मानत नाही, मानणाऱ्यांची टवाळी केलेली आहे. पण परत येताना रिक्षात आक्काचा हात माझ्या हातात होता, आणि मी गणित मांडत होते. दूध जाळलं, साखर लपवली, भांडली, हरवली, कापले. इतकी वर्षं मी तिला कायकाय करायला लावलं होतं. ते सगळं आता एकेक करून वसूल होणार होतं की काय?

म्हणून मी आक्काला वाक्यांतून काढून टाकलं. राजा आणला, वाघ आणला. वर्ग हिरमुसला. "बाई, आक्का रुसल्या का?" धाकट्या साडूनं विचारलं. मी म्हटलं, "गावाला गेल्यात. वाक्यं तुमची तुम्ही करा." तेव्हा मावशींनी केलं. त्या सहसा बोलत नाहीत. त्यांचं वाक्य असं होतं: म्हाताऱ्यानं बायको कुठं आहे असं विचारलं, मी म्हटलं ती येते आहे. मी ते इंग्रजीत नीट करून दिलं आणि सवयीनं विचारलं, "मग आली का?" मावशी म्हणाल्या, "कुठली येतेय बाई! वारून वर्षं झाली तिला. पण आमच्याकडे रीत आहे. त्यांचं खोडून काढायचं नाही. कोण आलं, कोण नाही, विचारलं की म्हणायचं, येतील हो, बसा तुम्ही. तेवढ्यानं जीव भांड्यात पडतो बिचाऱ्यांचा." खालच्या यंत्रांची वाफ फुस्सकन सुटली. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं नाही, कुणी आठवणही करून दिली नाही.

पण सवय ही सवय. माझीच लावलेली. एके दिवशी मला वर्गात शिरायला थोडा उशीर झाला; आक्काला जेवायला घालून निघायचं म्हणजे आता वेळ लागायचा. जिना चढत होते तेव्हाच वर हशा ऐकू आला. टॅक्सीवाला फळ्याशी उभा. बाईंना खूश करायचं म्हणून त्यानं वाक्य केलं होतं, आणि बिनचूक केलं होतं, अवघड क्रियापद घेऊन: टीचर्स सिस्टर फर्गॉट टीचर्स नेम. बाईंच्या बहिणीला बाईंचं नावच आठवेना. मी दारात पोचेपर्यंत दोनदा झालं होतं. मी "थांबा" म्हटलं. खरंच म्हटलं. पण तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणायचं असतं ना. त्या आवाजात माझं थांबा कुणाच्या कानापर्यंत जाणार? सगळे माझ्याकडे तोंड करून, प्रेमानं, शाबासकीची वाट बघत उभे. मी पुसणं घेतलं आणि फळा पुसला. पुसून काय होतं?

घरापर्यंत मी पळतच गेले. या वयात रस्त्यानं पळणारी बाई म्हणजे लोकांना करमणूक. आक्का खिडकीशी बसली होती, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड मांडीवर. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला, मनापासून फुलला. "आलीस? ये ये," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द घ्यायला तिचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं. मी समोर उभी राहून वाट बघत होते. ढब्बे म्हण, मी मनात म्हणत होते, नुसतं ढ म्हण, पुढचं मी म्हणते. तिनं हसून विषय बदलला. म्हणाली, "चहा टाकू का?" शहाणी होती. एक्स्चेंजमध्ये वायर चुकीची लागली तर समोरच्याला कळू न देता दुसरी लावायची तिला सवय होती. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर टॉवेल धरून रडले. तिच्या दुखण्याचं रडू होतंच, पण त्याहून मला स्वतःचं आलं. मला ढब्बी म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या तोंडातून ते गेलं म्हणजे ती लहान मुलगी, दोन्ही बूट घातलेली, कुणाच्याच ओळखीची राहिली नाही.

मग मला वाटलं, बिघडवलं आपण तर दुरुस्तही आपणच करू. याच रीतीनं. इतकं साधं आपल्याला आधी सुचलं कसं नाही! रात्रभरच नव्हे, दोन दिवस मी वाक्य जुळवत होते, नवऱ्याला पत्र लिहिणाऱ्या नव्या नवरीसारखी, शब्द निवडून. आणि वर्गात जाऊन, सगळ्यांना उभं करून, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: माय सिस्टर रिमेंबर्ड एव्हरीथिंग. माझ्या बहिणीला सगळं आठवलं. "आल्या का आक्का गावाहून?" टॅक्सीवाला खूश. मी म्हटलं, "म्हणा." ते म्हणाले. तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की खालून लाँड्रीवाल्यानं काठीनं छताला ठोकलं.

आणि आठवलं तिला. देवाशपथ. मी दार उघडलं तर आतून हाक आली, "ढब्बे, बूट काढ!" त्या संध्याकाळचं मी काय सांगू! आमच्या घरात इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आईच्या हातावरचा भाजल्याचा डाग कुठल्या बाजूला होता ते तिनं सांगितलं. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी, त्यांचे नवरे, कोण कुणाशी फोनवर काय गुलूगुलू बोलायचं ते सांगितलं. एकदा तिला तिथून निघायला फार उशीर झाला होता, बाहेर दंगल की काय होतं, आणि ती घरी आली तर मी जिन्यात नव्हते. "तू खरंच निघाली होतीस मला आणायला," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानदारानं धरून ठेवलं होतं तुला. पण तेवढा वेळ, जिना रिकामा बघून, मी जी काय झाले होते ना... तुला कधी बोलले नाही." मला हे माहीत नव्हतं. मला बूट आठवत होते, दुकान आठवत नव्हतं. तिनं माझे केस सोडले, आणि पिकलेल्या, विरळ केसांची तीन पेडांची वेणी घातली, एकेक रूप म्हणत. गो, वेंट, गॉन. मी म्हटलं, "आक्का, तू बरी झालीस." ती म्हणाली, "मला कुठं काय झालं होतं?" झोपताना तिनं माझ्या वेणीचं टोक मुठीत धरलं. मी जागी राहून तो हात बघत होते आणि सुखानं मला झोप लागेना.

सकाळी ती हात जोडून उभी. माझ्याकडे बघून, फार अदबीनं, "तुम्हाला चहा चालेल ना? आमच्या घरात साखर कुठं ठेवतात ते बघावं लागेल." साखर लपवली आणि मग तिलाच सापडली नाही. मी पलंगाच्या कडेवर बसले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला, मी काय शिकवते? हा काळ संपलेल्या गोष्टीचा. जे होऊन गेलं, ज्याच्यामागे दार लागलं, त्याचा. उद्याला त्यातलं काही उरत नाही. इतक्या लोकांना शिकवलं, आणि स्वतःच्या बहिणीसाठी वाक्य करायची वेळ आली तेव्हा मी तिला एक संध्याकाळ मागून घेतली आणि ती संपवून आले. वेगळं काही मागितलं असतं तर ती राहिली असती का? कुणाला ठाऊक. डॉक्टर म्हणाला, असे चांगले दिवस मधूनच येतात, त्यावर जाऊ नका.

त्यानंतर तिला घरी एकटी ठेवणं शक्यच नव्हतं. एकदा गॅस चालू राहिला, एकदा ती रस्त्यावर सापडली, पायात दोन्ही बूट, माझे. शेजारणीचाही संसार आहे, ती तरी किती बघणार! वर्ग बंद ठेवून चाललं नसतं, खायचं काय? म्हणून मी आक्काला वर्गात घेऊन गेले. केस जरा वाढले होते, मी पाणी लावून चापून बसवले. लाँड्रीच्या जिन्यात तिनं कठडा घट्ट धरला, आणि वर आल्यावर कोमट फरशीवर चपला काढून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान!" वर्ग उठून उभा राहिला. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी विसरणार नाही. इतकी वर्षं ज्या बाईला त्यांनी तीन-तीनदा म्हटलं होतं ती समोर, एवढीशी, वाळलेली. मावशींनी तेवढ्यात ओळखलं. सरकून जागा केली, आक्काला शेवटच्या बाकावर आपल्याशेजारी बसवून घेतलं, तिची पिशवी तिच्याच मांडीवर राहू दिली.

मी शिकवायला लागले. राजा, वाघ. वॉज, वेअर. माझं लक्ष सारखं शेवटच्या बाकाकडे. आक्का शांत होती, वाक्यं संपली की टाळी वाजवत होती. मग थोरला साडू, बिचारा चांगल्या मनानं, म्हणाला, "बाई, आक्कांना सांगा ना एक वाक्य करायला. आम्ही त्यांची इतकी केली." मी नको म्हणणार तोच आक्का उभी राहिली. शाळेत उभं राहतात तशी, हात बाजूला. आणि तिचा तो आवाज आला, एक्स्चेंजमधला, स्वच्छ, कानाला यंत्र लावलेल्या बाईचा. "आय हॅड अ सिस्टर," ती म्हणाली. मला एक बहीण होती. थोडं थांबून, "शी वेटेड फॉर मी ऑन द स्टेअर्स." ती जिन्यात माझी वाट बघायची. आणि मग, खिडकीबाहेर बघत, हळू, "आय केम होम. शी वॉज नॉट देअर." मी घरी आले, ती तिथं नव्हती.

एकही चूक नव्हती. शेपटीचं क्रियापद बरोबर, बिनशेपटीची बरोबर, नकार बरोबर. कित्येक महिन्यांत ती सलग चार वाक्यं बोलली नव्हती. वर्ग माझ्याकडे बघत होता. बरोबर असलं की फळ्यावर जातं. माझ्या हातात खडू होता आणि खडूला घाम सुटला होता. मला काय काय दिसलं ते मी सांगू शकत नाही, पण एवढं कळलं की हे वाक्य तिचं नाही, माझं आहे, मी त्यात आहे, आणि ते तीनदा म्हटलं की मी संपले. नाही म्हणता आलं असतं. इथं एक चूक आहे असं खोटं सांगता आलं असतं. पण मग ती मान खाली घालून बसली असती, भाजी निवडली म्हणणाऱ्या आक्कासारखी. आणि मला वाटलं, आजवर तिलाच वाक्यांत घातलं, सगळं तिच्यावर ढकललं, तर आता आपणही जाऊ एकदा. दोघींपैकी एकीनं तिकडे थांबलेलं बरं, त्या जुन्या जिन्यात. ती आली की तिला कुणीतरी असावं. मी वळले आणि चारही वाक्यं फळ्यावर लिहिली. अक्षर नेहमीसारखंच आलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. म्हणा सगळ्यांनी."

पहिल्यांदा ते अडखळत म्हणाले. दुसऱ्यांदा सरळ. तिसऱ्यांदा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, मला तो माझ्याच कानात घुमल्यासारखा वाटला आणि मग ऐकू येईनासा झाला. खालची यंत्रं कधी थांबली होती कोण जाणे. फरशी तळव्यांना गार लागत होती. मी फळ्याकडे पाठ करून वर्गाकडे तोंड केलं आणि हसले, शाबासकीसाठी हात वर केला.

आक्का टाळी वाजवत होती. वाजवता वाजवता थांबली. माझ्यावरून नजर फिरवून तिनं फळ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं मावशींना विचारलं, "शिकवणाऱ्या बाई अजून आल्या नाहीत का हो?"

मावशींनी समोर पाहिलं, मी उभी होते तिकडे. बराच वेळ पाहिलं. मग आक्काच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "येतील हो. बसा तुम्ही."